ऊस सत्तर टनावरून ४१ वर आलाय, सेन्सर बसवू का? माती रिपोर्ट खाली दिलाय

कृष्णाकाठ_८७ | १२ एप्रिल

नमस्कार मंडळी. इथं वर्षभर नुसतं वाचत बसलोय, आज पहिल्यांदा लिहितोय, कायतरी चुकलं तर सांभाळून घ्या.

वाळवा तालुक्यात आमची सव्वातीन एकर काळी जमीन आहे, एकच डाग, वरच्या अंगाला रस्ता आणि खालच्या अंगाला ओढा. आडसाली ऊस (पावसाळ्यात लावून दीडेक वर्षानं तोडायचा), जात ८६०३२. वडील बघत होते तोवर एकरी पासष्ट-सत्तर टन ठरलेला, गावातली माणसं बेणं आमच्यातनं न्यायची. २०१९ च्या महापुरात रान पाण्याखाली गेलं, २०२१ ला परत गेलं आणि तिथनं जी उतरण लागलीय ती थांबंना. ह्या हंगामात सरासरी एकरी ४१ टन पडलाय. खत कमी केलेलं नाही, उलट दर लागणीला एखादं पोतं वाढतंच. सध्या एकरी युरिया १२ पोती, डीएपी ४, पोटॅश ३. मागच्या लागणीआधी दुकानदार म्हणाला जमीन चोपण (सोडियमनं बिघडलेली) झालीय, जिप्सम टाका, खालच्या भागात वीस पोती टाकलं, काडीचा फरक नाही.

आता गेल्या आठवड्यात एका कंपनीचा पोरगा टॅब घेऊन आला होता. मातीतले दोन सेन्सर, एक छोटं हवामान केंद्र, मोबाईलवर ॲप, वरनं सॅटेलाइटचे फोटो, "दादा, एआयच सांगणार पाणी कधी द्यायचं नि खत किती टाकायचं". ४८ हजार आणि पुढं दर वर्षाला ८ हजार. बारामतीचं उदाहरण दिलं. धाकटा भाऊ म्हणतोय घेऊन टाकू, बायको म्हणते आधी सोसायटीचं व्याज बघा.

रिपोर्ट असा आहे (भावानं फेब्रुवारीत नमुना दिलेला): सामू ८.३, ईसी (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) ०.९, सेंद्रिय कर्ब ०.५२, नत्र १९०, स्फुरद २४, पालाश ४१०, लोह ३.१, जस्त ०.४८. पाणी सहकारी लिफ्टचं (उपसा योजनेचं), पाटानं देतो, ठिबक नाही अजून. खोडवा (तोडलेल्या बुडख्यातनं परत फुटणारा ऊस) ठेवलेला नाही, रान नांगरून पडलंय, जुलैला लागण करायची आहे.

सेन्सर घ्यावा का नको? आणि घेतला तर नेमका कुठं बसवायचा?

म्हातारा_गडी

घेऊ नको. ४८ हजारात धाईक ट्रॉल्या शेणखत येतंय. आपल्या रानात पाय कुठं रुततोय आन् ढेकूळ कुठं फुटत न्हाई हे ज्याला चालून कळत न्हाई त्याला ॲप काय सांगणार. आमच्या गावात एकानं बसवलाय, आता त्या खांबावर बगळा बसतोय.

पण एक सांग, ओढ्याकडच्या बाजूला उन्हाळ्यात पांढरं फुटतंय का? आन् ओढा बारमाही वाहतोय का? एवढं सांग मग पुढचं बोलू.

कृष्णाकाठ_८७

होय अण्णा. ओढ्याकडच्या साधारण एकरभरात वरंब्याच्या डोक्यावर पांढरी बुरशी आल्यागत दिसायचं, आता ढेकळांवर दिसतंय. वरच्या रानात असलं काही नाही. ओढ्याला पूर्वी होळीपर्यंत पाणी असायचं, आता वरची सगळी बागायत झाली त्यामुळं मे महिन्यात पण वाहतो. खाली उगवण पण नीट होत नाही, नांग्या भरून भरून हात दुखले.

काळीमाती_ताई

अण्णांनी अर्धं निदान दोन प्रश्नांत करून टाकलंय 🙂 मी अकरा वर्षं माती परीक्षण प्रयोगशाळेत काढलीत, आता स्वतःची शेती बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर माफ करा.

पहिली गोष्ट, तुमचा रिपोर्ट खोटा नाही पण तो तुमच्या रानाचा पण नाही. भावानं नमुना कुठनं घेतला ते विचारा. माझा अंदाज आहे रस्त्याकडनं आत शिरला, दोन-चार ठिकाणी खुरप्यानं वरवर उकरलं, पिशवी भरली नि गेला. (रागावू नका, लॅबला येणाऱ्या दहातल्या सात पिशव्या अशाच असायच्या, एकीत तर बांधावरची बाभळीची पानं होती.) सव्वातीन एकर जमीन सातबाऱ्यावर एक आहे, जमिनीच्या दृष्टीनं ती दोन किंवा तीन वेगळी रानं आहेत. वरचं चांगलं, खालचं क्षारपड, आणि दोन्हीची माती एकत्र कालवून काढलेली ईसी ०.९ म्हणजे एक पाय चुलीत नि एक बर्फात आणि सरासरीनं माणूस बरा आहे असं म्हणण्यातला प्रकार.

तेव्हा तीन भाग करा. वरचा, मधला आणि पांढरं फुटणारा. प्रत्येक भागात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही सारखा खड्डा घ्या, उसासाठी एक फूट खोल, खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खरवडून घ्या. बांधाजवळ नको, झाडाखाली नको, शेणखताचा ढीग होता तिथं नको. गोणपाटावर पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, परत मिसळून परत चार, अर्धा किलो उरेपर्यंत. घमेलं खताचं नसावं, धुतलेलं असलं तरी नसावं. तीन भागांच्या तीन पिशव्या, आणि खालच्या भागातली आणखी एक पिशवी एक ते दोन फुटाच्या थरातली. लॅबला सांगून खालच्या भागाचं विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणाला चिकटलेला) पण करून घ्या. आणि विहीर-बोअर असेल तर त्याच्या पाण्याची पण बाटली द्या.

ईसीबद्दल एक गोम लक्षात ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब एक भाग माती आणि अडीच भाग पाणी असं कालवून ईसी काढतात. पुस्तकात "४ च्या वर म्हणजे क्षारयुक्त" असं जे असतं ते संपृक्त अर्काचं असतं, म्हणजे माती जेमतेम भिजेल एवढ्याच पाण्यातलं. भारी काळ्या मातीत ते रिपोर्टातल्या आकड्याच्या दुपटीपेक्षाही जास्त भरतं. त्यामुळं २ लिहिलंय म्हणून ४ च्या आत आहे असं समजून निवांत बसू नका. उसाला त्या अर्कातल्या ईसीला १.७ च्या पुढं त्रास सुरू होतो आणि पुढं एकेक युनिटला साधारण सहा टक्के उत्पन्न जातं.

आता खत. शिफारस बघा, आडसालीला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद, १७० पालाश, आणि ८६०३२ ला नत्र पाव हिस्सा जास्त, म्हणजे ५००. एकराला झालं साधारण २०० किलो नत्र. तुम्ही किती घालता? १२ पोती युरिया म्हणजे ५४० किलो, त्यातलं नत्र २४८, चार डीएपीतलं ३६, बेरीज २८४. तुमचं नत्र "कमी" वर्गात येतं म्हणून आणखी पाव हिस्सा वाढवला तरी २५० होतं, तुम्ही त्याच्याही पुढं आहात. पालाश ४१० म्हणजे अत्यंत जास्तच्या वर्गात, तिथं शिफारशीच्या निम्मं पुरतं, ते एकरी ३५ किलोच्या आत बसतं, तुम्ही ९० किलो ओतताय. आणि पोटॅश म्हणून आपण जे लाल खत टाकतो ते क्लोराईड असतं, खालच्या भागात ते मीठच वाढवतंय. उलट लोह ३.१ आहे, ४.५ पाहिजे, जस्त ०.४८ आहे, ०.६ पाहिजे, त्याचं एक पोतं नाही तुमच्या यादीत. हिराकस (फेरस सल्फेट) एकरी दहा किलो आणि झिंक सल्फेट आठ किलो, दोन्ही शेणखतात आठ-दहा दिवस मुरवून सरीत द्या, नुसतं फोकून दिलं तर चुनखडी खाऊन टाकते.

आणि एक काम आज करा. कारखान्याच्या वजन पावत्या ठेवल्यात का? कुठल्या दिवशी कुठल्या भागातली तोड होती ते आठवून पावत्या तीन गठ्ठ्यांत लावा. परदेशात कापणीच्या मशीनवर उत्पन्नाचा नकाशा काढणारं यंत्र असतं, आपल्याकडं ते काम ट्रॉलीचा काटा करतो, फक्त आपण पावती बिल जमा होईपर्यंत ठेवतो नि फेकतो.

द्राक्ष_तासगाव

मी पाच वर्षं सेन्सर वापरतोय त्यामुळं अण्णांच्या बगळ्याला हसलो पण पटलं नाही. माझ्या बागेत ऑक्टोबर छाटणीनंतर ठिबक रोज चार तास चालायचं, सगळेच चालवतात म्हणून मी पण. एक फुटावर एक आणि दोन फुटावर एक असे बसवले, तर दोन फुटावरचा वाळायचं नावच घेईना. म्हणजे पाणी मुळीला ओलांडून खाली चाललेलं, त्याबरोबर खतं पण चाललेली. भीत भीत अडीच तासावर आणलं. बागेला काही झालं नाही, उलट केवडा (बुरशीचा रोग) पडायचा तो कमी झाला. तर सेन्सर खोटं बोलत नाही, पण तो फक्त जिथं पुरलाय तिथल्या मुठीभर मातीचं बोलतो.

पण कृष्णाकाठ दादा, तुमच्या केसमध्ये मी घेणार नाही, आत्ता तरी. तुमचं पाणी लिफ्टच्या पाळीचं, पाटाचं. ॲपनं सांगितलं आज नको, चार दिवसांनी द्या, तर चार दिवसांनी पाळी मिळणार आहे का? पाळी आली की पाणी घ्यायचंच, न घेऊन सांगता कुणाला. जिथं नळ आपल्या हातात आहे तिथं सेन्सरला अर्थ.

दुसरं म्हणजे काळी माती. उन्हाळ्यात भेगा पडतात, सेन्सरच्या कडेनं भेग गेली की तो हवेचं रीडिंग देतो, ॲप बोंबलतं "तातडीने पाणी द्या" आणि शेजारी माती ओली असते. माझं पहिलं वर्ष असंच गेलं, शेवटी तीच माती पाण्यात कालवून त्याचा गारा भोकात ओतून परत बसवला. तिसरं, हे स्वस्तातले सेन्सर मातीतली वीज मोजून ओलावा काढतात, मीठ जास्त असलं की ओलावा आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. तुमच्या खालच्या एकरात तो पोरगा बसवून गेला तर कायम "ओल भरपूर" दाखवत बसेल. नशीब एवढंच की तिथं ते खरं पण असेल 😄

घ्यायचंच असेल तर आधी टेन्शिओमीटर घ्या, खाली मातीचा सच्छिद्र पेला नि वर घड्याळ असतं, ना बॅटरी ना सिम. आठवड्याला पाणी भरायला लागतं, तेवढ्या निमित्तानं माणूस रानात जातो.

पुणे_ते_पलूस

सॅटेलाइटच्या फोटोला पैसे देऊ नका एवढं सांगायला आलो. मी आयटीत आहे, गावी वडील शेती करतात, त्यांच्यासाठी बघत असतो. युरोपचा सेंटिनेल-२ दर पाच दिवसांनी आपल्यावरनं जातो आणि त्याचे फोटो फुकट आहेत, कोपर्निकस ब्राउझर उघडा, आपलं रान शोधा, एनडीव्हीआयचा (पिकाचा हिरवेपणा मोजणारा) थर निवडा, झालं. बऱ्याच ॲपमध्ये "आमचा सॅटेलाइट" म्हणून जे दाखवतात ते हेच असतं, वर रंगरंगोटी.

त्याची एक चौकट दहा मीटर बाय दहा मीटर. आणि आपला गुंठा तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, म्हणजे जवळपास तेवढाच. मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलेलं, वडिलांना सांगितलं की आकाशातनं एकेक गुंठा मोजतायत, ते म्हणाले तलाठ्यापेक्षा बरं. बांधाकडेच्या चौकटी सोडून द्यायच्या, त्यात अर्धं शेजाऱ्याचं येतं.

दोन अडचणी. पावसाळ्यात ढगच दिसतात. आणि ऊस एकदा दाटला की सगळं रान एकसारखं हिरवंगार दिसतं, त्यातला फरक एनडीव्हीआयला पकडता येत नाही. म्हणून आडसाली चार-पाच महिन्यांचा असताना, नोव्हेंबर-डिसेंबरचे फोटो बघायचे. कृष्णाकाठ, मला व्यनि (खासगी निरोप) करून जागा कळवा, मी बघून सांगतो.

(बारामतीबद्दल. तिथं कृषी विज्ञान केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डबरोबर उसात एआयचा प्रयोग केला ते खरं आहे, सेन्सर, हवामान केंद्र, सॅटेलाइट सगळं आहे. पण उत्पन्नात फरक पडला की त्यात यंत्राचा वाटा किती आणि वेळेवर दिलेलं पाणी-खत, चांगली रोपं, माणसाचं लक्ष याचा किती, हे वेगळं करून विचारायला पाहिजे. विकणारा माणूस ते वेगळं करून सांगत नाही.)

कृष्णाकाठ_८७ | ३ जून

उशीर झाला, घरात लग्न होतं. सगळ्यांचं ऐकून काय काय केलं ते सांगतो.

भावाला विचारलं नमुना कुठनं घेतलास. गप्प बसला. चार सऱ्या, रस्त्याकडनं ओढ्यापर्यंत!

परत ताईंनी सांगितल्यागत नमुने घेतले. वरच्या भागात सामू ८.०, ईसी ०.४. मधला ८.१ आणि ०.६. खालचा ८.४ आणि ईसी २.८. आणि खालचा सोडियमचा आकडा ११ टक्के आलाय. लॅबवाल्याला विचारलं, एकास अडीचच्या पद्धतीनंच काढलंय म्हणाला. बोअरच्या पाण्याची ईसी १.९, तो आम्ही पाळी लांबली की वापरतो, तो आता बंद.

वजन पावत्या वडिलांच्या ट्रंकेत सापडल्या, एकूण १३३ टन. खालच्या एकरातनं दोन ट्रॉल्यांची एकच खेप निघाली होती, १६ टन. मग राहिलेल्या सव्वादोन एकरातनं ११७, म्हणजे एकरी ५२. मी दोन वर्षं "रान गेलं रान गेलं" म्हणून झोप घालवली आणि रान गेलंय ते एकच एकर, वरचं थोडं घसरलंय एवढंच. आणि त्या १६ टनाच्या एकराला मी १२ पोती युरिया घालत होतो.

इथल्या पुणे_ते_पलूस भावानं डिसेंबरचे फोटो काढून दिले, २०१८, २०, २२ आणि २४. २०१८ ला ओढ्याला चिकटून दहा-बारा चौकटी फिकट होत्या. २०२४ ला चाळीसच्या वर. म्हणजे महापुराच्या आधीपासनंच लागलेलं होतं, दिसत होतं फक्त कमी.

अण्णांनी फोनवर सांगितलेलं ते पण केलं. खालच्या भागात ऑगरनं (हाताच्या गिरमिटानं) सहा फूट भोक पाडलं, दोन इंची पीव्हीसी पाईपला सुतारानं भोकं पाडून दिली, भोवती गोणपाट गुंडाळून आत सोडला. दोरीला जुना नट बांधून सोडला की डुबुक आवाज येतो, तिथं दोरीला गाठ मारायची नि फुटानं मोजायचं. वरच्या भागातला पाईप कोरडा. खालचा १ मे ला ३ फूट २ इंच. वरच्या शेजाऱ्याची पाळी झाली, दोन दिवसांनी २ फूट ४ इंच! आमच्या रानात टिपूस पाणी दिलेलं नाही, रान मोकळं पडलंय, आणि पाणी खालनं वर येतंय. पोरगं सुट्टीत रोज नट सोडून बघतंय, त्यानं वहीच घातलीय.

आता पुढं काय? जिप्सम परत टाकू का? लागण तोंडावर आली.

काळीमाती_ताई

वही घालणाऱ्या पोराला माझ्याकडनं शाबासकी सांगा.

जिप्सम नको. तुमच्या खालच्या भागाचा सामू ८.५ च्या आत, सोडियम १५ टक्क्यांच्या आत, ईसी मात्र भरपूर. ही चोपण नाही, क्षारयुक्त जमीन आहे. चोपणमध्ये सोडियम मातीच्या कणाला चिकटून बसलेला असतो, त्याला ढकलून तिथं बसायला जिप्सममधलं कॅल्शियम लागतं. तुमच्याकडं मीठ पाण्यात मोकळं आहे, त्याला ढकलायची गरज नाही, बाहेर जायला वाट पाहिजे. वाट नसताना वीस पोती जिप्सम म्हणजे मिठात आणखी एक मीठ. दुकानदारानं हात लावून सांगितलं की चोपण, आणि आपण पण ऐकतो, कारण रिपोर्टापेक्षा ते लवकर मिळतं.

पाणी अडीच-तीन फुटावर असलं की भारी मातीत ते दिव्याच्या वातीसारखं वर चढतं, वर येऊन वाफ होतं, मीठ मागं ठेवून जातं. तुमचं पांढरं ते. आणि मुळी पाण्यात असल्यावर श्वास कोंडतो, युरिया हवेत उडून जातो. २.८ चा संपृक्त अर्क काढला तर सात-आठच्या घरात निघेल, हिशोबानं नुसत्या क्षारानं तिसरा हिस्सा उत्पन्न जाईल. सत्तरचं १६ व्हायला क्षाराबरोबर हे पाणी कारण आहे.

ह्या वर्षी खाली ऊस लावू नका. सव्वादोन एकर वर करा, तिथं ठिबकचा अर्ज भरा, महाडीबीटीवर, अल्पभूधारकाला ८० टक्क्यांपर्यंत अनुदान बसतं. आणि ठिबक करताना एक गोष्ट आवर्जून करा, वरच्या आणि मधल्या भागाला वेगवेगळे व्हॉल्व्ह ठेवा, खालच्याला पुढं तिसरा. पाईप टाकणारा एकच व्हॉल्व्ह बसवायला बघतो, त्याचं फिटिंग वाचतं. काटेकोर शेती म्हणून जे म्हणतात त्यातला आपल्याला परवडणारा भाग हाच, ज्या भागाला जे पाहिजे ते तेवढंच. व्हॉल्व्ह वेगळे झाले, नळ तुमच्या हातात आला, की मग तासगावच्या दादांना विचारून सेन्सर घ्या, तेव्हा माझा विरोध नाही.

शिरोळ_पाटपाणी

आमच्याकडं हा रोग जुना आहे, त्यामुळं औषध पण जुनं. आमच्या इथल्या दत्त कारखान्यानं पुढाकार घेऊन गावोगाव निचऱ्याचे पाईप घातलेत, मिठागरासारखी पडलेली रानं परत उसात आलीत, कधी या बघायला. तुमच्या जवळ कसबे डिग्रजचं संशोधन केंद्र आहे राहुरी विद्यापीठाचं, त्यांचं क्षारपड जमिनीवरच काम चालतं, लागण बाजूला ठेवून आधी तिथं जाऊन या, रिपोर्ट आणि पोराची वही दोन्ही घेऊन. पाईपातलं अंतर किती ठेवायचं ते मातीतनं पाणी किती वेगानं झिरपतंय यावर ठरतं, ते अंदाजानं ठरवू नका, शेजाऱ्याचं बघून तर अजिबात नको.

काम असं असतं. ८० मिलिमीटरचा भोकं असलेला पन्हाळीदार पाईप, वर गाळणीचं कापड, साडेतीन-चार फुटावर उताराला टाकायचा, सगळे पाईप एका मोठ्या पाईपला जोडायचे आणि तो ओढ्यात सोडायचा. सगळं अडतं ते शेवटच्या वाक्यावर. ओढ्याचा तळ तुमच्या पाईपापेक्षा खाली आहे का? नसला तर पाणी बाहेर जायच्याऐवजी आत येणार. मग टाकी बांधून मोटरीनं उचलायला लागतं, आणि लाईटबिल भरायला दर वर्षी कोण तयार असतो.

ते बघायला इंजिनियर नंतर बोलवा, आधी गवंड्याकडची पाण्याची नळी आणा. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक रानात, एक ओढ्याच्या काठावर, दोन्हीकडची पातळी जुळली की दोन्हीकडनं टेपनं खाली मोजायचं. पन्नास फुटाची नळी असेल तर टप्प्याटप्प्यानं पुढं सरकायचं. बुडबुडा राहू देऊ नका नळीत, आमचं एकदा त्यानंच फूटभर चुकलं होतं.

पाईप झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात रान बांधून घ्या, पावसाचं पाणी उभं राहू द्या, ते मुरत जाऊन मीठ घेऊन पाईपातनं निघतं. पाईपाच्या तोंडाचं पाणी जिभेला लावून बघा, कळेल काय निघतंय. धैंचा (हिरवळीचं खत) पेरा, दीड महिन्यात गाडा. पुढच्या सालाला फुले २६५ लावा खालच्या भागात, ८६०३२ पेक्षा ती क्षाराला तग धरते.

म्हातारा_गडी

जिभेला लावायचं मी तीस वर्षं सांगतोय तर पोरं हसत्यात. आता शिरोळवाल्यानं लिहिलं की लाईक.

बरं, कंपनीच्या पोराचं काय झालं?

कृष्णाकाठ_८७ | १९ जून

कंपनीच्या पोराचे तीन फोन आले. सांगितलं ठिबक झाल्यावर बोलू. तर म्हणाला तोवर ऑफर संपेल. म्हटलं संपू दे.

डिग्रजला जाऊन आलो. साहेबांनी वही पहिल्या पानापासनं बघितली, पोरगं बरोबर होतं, त्याला विचारलं नट केवढ्याचा वापरलास. पाऊस उघडला की येऊन बघतो म्हणालेत. वरच्या भागाचं खत ताईंच्या हिशोबानं काढलंय, दुकानदाराला यादी दिली तर म्हणाला एवढ्या कमीत ऊस येतो होय. हिराकस त्याच्याकडं नव्हतंच, आष्ट्यातनं आणलं.

नळी लावून मोजलं. आमच्या कोपऱ्यात ओढ्याचा तळ रानापासनं फक्त तीन फूट खाली आहे, गाळानं भरलाय. म्हणजे चार फुटावरचा पाईप तिथं सुटत नाही. पण खाली दोनशे फुटावर ओढा वळतो तिथं काठावरनं बघितलं तर तळ बराच खोल दिसतोय, पाच फुटाच्या वर असणार. तिथं पाईप सुटंल असं वाटतंय, पण नीट मोजल्याशिवाय खरं नाही. अडचण एवढीच की ते दोनशे फूट चुलत्याच्या रानातनं जातात, आणि २०१४ ला बांधावरनं झालं तेव्हापासनं आमचं बोलणं नाही. तेराव्याला पण आला नव्हता वडिलांच्या.

काल वळणापर्यंत चालत गेलो तेव्हा त्याचं रान बघितलं. मागल्या आठवड्यात जी उघडीप मिळाली तेवढ्यात त्याच्या ढेकळांवर पण पांढरं आलंय, आमच्यापेक्षा जास्तच. दुपारी बायको म्हणाली पोराला पाठवा. म्हटलं नको, मीच जातो. संध्याकाळी नळी घेऊन चाललोय त्याच्याकडं. दुसरं टोक धरायला माणूस लागतोच.